बार, सासूबाईंचा पाय आणि माझं खोटं उत्तर

हे लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य मी तीनदा खोडलं. शाळेत नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवते, फळ्यावर काही लिहायला कधी बिचकले नाही, पण हे लिहिताना कान तापले. तरी लिहितेच, कारण हेच वाक्य मी वेळेवर तोंडाने बोलले असते तर पुढचं बरंचसं टळलं असतं. माझी बसायची जागा बधिर झाली होती आणि मला लघवी होत नव्हती.

झालं लिहून. ज्या कोणाला पाठदुखीबरोबर असं काही होतंय आणि सांगायची लाज वाटतेय, त्यांनी बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल. आधी हॉस्पिटल गाठा. आजच्या आज.

*

आम्ही बडोद्यात फतेगंजला राहतो. मी, नवरा समीर आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. समीर रिफायनरीत आहे, शिफ्टची नोकरी. चार वर्षांपूर्वी, पस्तिशीला, वजन उतरवायचं म्हणून मी सयाजीगंजच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथे मागच्या अंगाला लाकडी फळ्यांचा एक चौथरा होता आणि त्यावर महेशभाई हॉस्टेलच्या मुलींना ऑलिंपिक लिफ्टिंग शिकवायचे. यात प्रकार दोनच. स्नॅचमध्ये वजनाचा बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यांवर आणि मग तिथून डोक्यावर. दोन्हींत ताकदीइतकाच वेग लागतो. सावकाश करायची सोयच नाही.

मी आठवडाभर ट्रेडमिलवरून नुसती बघत होते. मग एक दिवस विचारलं, "मला जमेल का?" महेशभाई म्हणाले, "बेन, ट्राय तो करो." आधी सहा महिने त्यांनी माझ्या हातात लाकडी काठीच दिली.

लोक विचारतात, एवढं काय होतं त्यात? सांगते. बार मांड्यांना घासून वर निघतो, कंबर एक झटका देते आणि क्षणभर त्या बारला वजनच उरत नाही. तेवढ्यात आपण त्याच्या खाली शिरायचं. ते जमलं की जो आनंद होतो तो मला ना लग्नात झाला ना बी.एड.च्या निकालात. हे मी समीरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बी.एड.चं ठीक आहे, लग्नाचं जरा जपून बोल ने."

यंदा वयोगटाच्या राज्य स्पर्धेत मी उतरणार होते. एकोणचाळिसाव्या वर्षी पहिली स्पर्धा. तीन आठवडे आधीपासून डाव्या पोटरीत कळ जायला लागली. बसून उठले की मांडीच्या मागून पायाच्या अंगठ्यापर्यंत चमक. मी पर्समध्ये गोळ्या ठेवल्या आणि महेशभाईंना काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी बारवरचं वजन कमी केलं असतं, कदाचित स्पर्धेतून नावच काढलं असतं. घरी तर सांगायचा प्रश्नच नव्हता. "या वयात कशाला हे?" या प्रश्नाला चार वर्षं उत्तर देऊन मी थकले होते, त्याला पुरावा कोण देणार?

*

शुक्रवारी संध्याकाळी बासष्ट किलोचा क्लीन, म्हणजे बार नुसता खांद्यांपर्यंत, करायचा होता. साठ नीट गेला होता, पण उठताना पोटरीत मुंग्या आल्या होत्या. तिथे थांबायला हवं होतं. बार उचलला, तो गुडघ्यांपर्यंत आला आणि माझी पाठ वाकली. मला ते कळलं. महेशभाई ओरडले, "छोडी दो, बेन, छोडी दो!" पण हात बार सोडेपर्यंत झटका देऊन झाला होता. कमरेत काहीतरी सरकलं. आवाज वगैरे काही नाही. बार आपटला, मी चौथऱ्यावर गुडघे टेकून बसले आणि सगळ्या मुलींकडे बघून हसले.

"उसण भरली," मी म्हटलं. महेशभाई हॉस्पिटलला चला म्हणत होते. मी रिक्षा केली आणि घरी आले.

शनिवार अंथरुणात गेला. गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, कूस बदलताना तोंडात पदर धरावा अशी कळ. समीर कामावर होता. संध्याकाळी भिंतीला धरून अंघोळीला गेले. साबण लावताना मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि मागे, जिथे आपण बसतो तिथे, साबण लागलाच नाही. हाताला कातडी लागत होती, पण कातडीला हात लागत नव्हता. मी पाणी ओतलं, गरम आहे की गार तेही कळेना. तशीच उभी राहिले. घाबरले होते, खूप घाबरले होते. मग स्वतःला सांगितलं, दिवसभर पडून राहिल्यामुळे मुंग्या आल्या असतील. टॉवेल गुंडाळून बाहेर आले. आईंनी विचारलं, "बरं वाटलं का अंघोळीनं?" मी म्हटलं, "हो."

शरीराच्या त्या भागाबद्दल मी आईंशी, किंबहुना कोणाशीच, कधी एक शब्द बोलले नव्हते. समीरशीसुद्धा नाही. आमच्याकडे ते बोलायचं नसतंच.

*

आता आईंबद्दल सांगायला हवं. आई पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते ही आपल्याकडची जुनी समजूत. आई बडोद्याच्या जुन्या वाडी भागात राहायच्या तेव्हा त्यांच्या ओट्यावर सकाळी माणसं येऊन बसायची. मराठी, गुजराती, कोणीही. पालथं पडायचं, आई देवाचं नाव घेऊन डावा पाय तीनदा कमरेवर टेकवायच्या, आणि माणूस उठून मुकाट चालू लागायचा. आभार मानायचे नाहीत, नाहीतर गुण येत नाही म्हणे. आम्ही फतेगंजला आलो तरी महिन्यातून दोघं-तिघं जुने लोक शोधत येतातच. आईंना दुसरं कसलं कौतुक नाही. हे एक आहे.

मी विज्ञानाची बाई. लग्नाला पंधरा वर्षं झाली, या प्रकाराला मी कायम गालातल्या गालात हसत आले. पण रविवारी सकाळी आई म्हणाल्या, "एवढी कळवळते आहेस, मी पाय ठेवू का?" आणि मी लगेच चटईवर पालथी झाले. का, याचा नंतर पडल्या पडल्या फार विचार केला. श्रद्धा बिद्धा काही नव्हती. या उपचारात कोणी काही विचारत नाही, म्हणून. कुठे दुखतं, कुठपर्यंत जातं, कुठे लागत नाही, काही नाही. पडायचं आणि उठायचं.

आईंचा पाय हलका आहे. तीनदा टेकवला, भार असा दिलाच नाही. आणि खरंच सांगते, तासाभरात कळ कमी झाली. दुपारपर्यंत तर पायातली चमक जवळजवळ गेली. आईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. वाडीतल्या मैत्रिणीला फोन करून म्हणाल्या, "सुनेची उसण उतरवली हो मी. इंजेक्शन नाही, काही नाही." मीही हसले. मोठ्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की तसं दुखणं एकदम थांबणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं. दुखल्याचा निरोप नेणाऱ्या नसाच गप्प होत चालल्या होत्या.

दुपारी मी बाथरूममध्ये गेले आणि अर्धा तास बसून राहिले. सकाळपासून चार ग्लास पाणी प्यायले होते. पोट तट्ट फुगलेलं, आणि थेंब नाही. जोर लावायचा तर कुठे लावायचा तेच सापडेना. नळ सोडला, देवाचं नाव घेतलं, रडले. समीरने दार वाजवलं. "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तो तिथून हलला नाही. पुन्हा म्हणाला, "अगं, नळ कशाला चालू आहे?" तेव्हा दाराआडून म्हटलं, "समीर, मला होत नाहीये." तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलू शकले.

*

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. समीर माझ्या उशाशी, आई पायथ्याशी. तिने आधी नळी घालून लघवी काढली. पिशवी भरतच राहिली आणि मला नळी घातल्याचं कळलंसुद्धा नाही. मग तिने टाचणीसारखं काहीतरी घेऊन तपासायला सुरुवात केली. "इथे लागतं? इथे?" तपासण्याआधी तिने पडदा ओढून आईंना पलीकडे उभं केलं होतं. मी प्रत्येक वेळी "नाही" म्हणत होते आणि माझा आवाज बारीक होत चालला होता.

मग तिने विचारलं, "हे बधिर कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "आज सकाळपासून."

कालपासून म्हटलं असतं तर समीरने विचारलं असतं, मग काल का नाही बोललीस? त्या एका प्रश्नाची मला टाचणीपेक्षा जास्त भीती वाटली. तिने कागदावर लिहून घेतलं. पडद्यापलीकडून आईंचा आवाज आला, "सकाळपासून? सकाळी तर मी..." आणि वाक्य तिथेच थांबलं. मी ते ऐकलं. ऐकूनही गप्प बसले.

एमआरआय झाला. मोठे डॉक्टर आले. मणक्यांमधली चकती सटकून खाली उतरणाऱ्या नसांच्या जुडग्यावर दाबून बसली होती. ते म्हणाले, लगेच ऑपरेशन करायचं. समीरने विचारलं, "पूर्ण बरी होईल ना?" डॉक्टर म्हणाले, "चालेल बहुतेक. लघवीचं आणि बाकी संवेदनेचं आत्ता कोणीच सांगू शकणार नाही. किती वेळ दाब होता, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे." किती वेळ, ते मला एकटीला माहीत होतं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचर थांबलं तेव्हा माझे दात वाजत होते. मला मरायची भीती नव्हती वाटत. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी आहे, साडी ओली होते आहे आणि मला ते कळत नाहीये, मागे पन्नास मुलं बघताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. एक-दोन-तीन मोजा म्हणाले तेव्हाही तेच दिसत होतं.

*

नंतरचे अकरा दिवस हॉस्पिटलात गेले. सकाळी सहाला सिस्टर पिशवी रिकामी करायच्या, सातला चहा, आठला डॉक्टर टाचणी घेऊन. "इथे?" "नाही." "इथे?" "थोडं." त्या "थोडं"साठी मी आदल्या संध्याकाळपासून नवस बोलत असे. कधी कधी न लागताच "थोडं" म्हणायची. परीक्षेत कॉपी करणारी मुलं मी पकडली आहेत, पण ही कॉपी त्यांच्याहून खुळी होती.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंची चकती ओल्या कपड्यांची बादली उचलताना सटकली होती. त्यांनी मला विचारलं, "तुमची?" मी बासष्ट किलो म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "हाय हाय, शुं काम?" म्हणजे, कशाला? मला हसू आलं. हसले की टाके दुखायचे, आणि दुखतंय याचाही आनंद व्हायचा.

महेशभाई चिकू घेऊन आले. स्टुलावर टेकले आणि कितीतरी वेळ चिकूच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले. मग विचारलं, "बेन, पगमां दुखतुं हतुं?"

"हो. तीन आठवडे."

"तो बोल्या केम नहीं?"

का बोलले नाही, ते वर लिहिलंच आहे. त्यांनी चार दिवस मुलींना बारला हात लावू दिला नव्हता. स्वतःला दोष देत होते. समीर त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही, नुसता खिडकीपाशी उभा राहिला. ते गेल्यावर म्हणाला, "त्या माणसाला पुन्हा इथे येऊ देऊ नकोस."

आठव्या दिवशी नळी काढली. सहा तासांत आपोआप लघवी झाली तर ठीक. सिस्टरनी मला धरून नेलं, बेसिनचा नळ बारीक सोडला आणि दार लोटून बाहेर थांबल्या. "आरामथी, घाई नथी," म्हणाल्या. काही झालं नाही. संध्याकाळी पुन्हा नळी. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि जेवले नाही.

घरी पाठवताना एक बारीक नळी दिली. दिवसातून चार वेळा स्वतःच घालायची, आरसा धरून. शिकवणारी सिस्टर म्हणाली, घरात कोणी मदतीला लागेल. मी समीरचं नाव सांगणार होते, पण त्याची शिफ्ट. आई म्हणाल्या, "मी धरीन आरसा."

*

घरात काय चाललं होतं ते मला हळूहळू दिसायला लागलं. आई उन्हाळ्यात पायमोजे घालून वावरत होत्या. बसल्या की डावा पाय पदराखाली घ्यायच्या. खालच्या मजल्यावरचे पटेलकाका कंबर धरून आले तर आईंनी दारातूनच सांगितलं, "हवे नथी करती, भाई," आता हे करत नाही म्हणून. डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं की तेवढ्याशा पायाने चकती सरकत नाही, ती आधीच सरकलेली होती. आई म्हणायच्या, "मनाचं ठेवायला बोलतात ते. सकाळी पाय ठेवला आणि सकाळपासूनच बधिर."

समीरला तर डॉक्टरांचं पटलं होतं. तरी एकदा जेवताना, नळीमुळे जंतुसंसर्ग होऊन मला ताप आला होता त्या आठवड्यात, त्याच्या तोंडून गेलं, "आई, तू तिच्या पाठीवर पाय द्यायलाच नको होतास." आईंनी ताट बाजूला सारलं नाही. शेवटच्या घासापर्यंत जेवल्या आणि उठून भांडी घासायला लागल्या. मी आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नाही? नाही बोलले. रोज चार वेळा त्या माझ्यासमोर आरसा धरून बसत होत्या, आणि आता सांगितलं तर हाही आधार जाईल अशी भीती वाटत होती. माणूस भ्यायला की किती खालच्या थराला जातो ते मी स्वतःवरून सांगते आहे.

*

मला सगळे विचारतात, मग त्या उड्या मारून वजन उचलण्यात अर्थ आहे की नाही? समीरचं उत्तर ठरलेलं आहे, त्याने माझे लिफ्टिंगचे बूट माळ्यावर टाकले. डॉक्टर म्हणाले, चकती बादलीनेही सटकते, शिंकेनेही सटकते, नीट शिकून करणारे पुष्कळ लोक म्हातारे होईपर्यंत करतात. मला दोघांचंही पुरतं पटत नाही.

बादली जड लागली तर अर्ध्यावर खाली ठेवता येते. इथे बार जमिनीवरून सुटला की निर्णय बदलायला वेळ नसतो, त्यातच तर त्याची मजा आहे. म्हणजे "आज नको" हे आधी म्हणावं लागतं, बारला हात लावायच्या आधी, आणि मोठ्याने, कोचला ऐकू जाईल असं. ज्याला ते म्हणता येतं त्याने खुशाल करावं, त्या आनंदाला तोड नाही. मला ते येत नव्हतं. दुखणं लपवणं हा माझा जन्माचा सराव, आणि तसल्या माणसाने या खेळाच्या वाटेला जाऊ नये. बघा, हे लिहितानाही मला त्या चौथऱ्याची आठवण येते आहे.

*

ऑपरेशनला दोन महिने झाले त्या सुमाराला एका दुपारी आई आरसा धरून बसल्या होत्या. मी नळी पुसत होते. त्या म्हणाल्या, "माझा पाय कापून टाकला असता तरी चाललं असतं गं. पण त्यानं तुझं काय परत येणार?"

मी नळी खाली ठेवली. "आई, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. मला शनिवारी संध्याकाळीच कळलं होतं. अंघोळीला गेले तेव्हा."

"शनिवारी?"

"हो."

"मी पाय ठेवायच्या आधी?"

"आधी. एक रात्र आधी."

त्यांनी आरसा पलंगावर पालथा ठेवला. म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुला. बरं वाटलं का, असं विचारलं होतं." आणि उठून गेल्या. संध्याकाळी समीर आल्यावर मी त्यालाही सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो आईंच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला.

तीन दिवस आई माझ्याशी बोलल्या नाहीत. आरसा मी उशीला टेकवून कसाबसा वापरला. चौथ्या दिवशी सकाळी त्या आत आल्या, खुर्ची ओढली आणि बसल्या. चेहरा कठोर होता. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत, अजूनही म्हणालेल्या नाहीत.

"सांग," त्या म्हणाल्या. "कुठे लागतं, कुठे नाही. सगळं सांग. खोटं बोलायचं नाही."

मी सांगायला लागले. उजव्या मांडीला आता लागतं. डावीकडे आतून नाही. मागे अजून काहीच नाही. काल दोन थेंब आपोआप गेले, पण ते गेल्याचं मला कळलं नाही, परकर ओला दिसला तेव्हा कळलं. हे मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. आई प्रत्येक वाक्यानंतर "मग?" म्हणत होत्या. माझं सगळं सांगून संपलं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं, "मग?"

"मला फार भीती वाटते, आई," मी म्हटलं.

"मला पण," त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.